असा कोणता इटालियन पोशाखी विनोदी सिनेमा आहे, जो आपल्याकडे कुणी फारसा पाहिलेला नाही, पण संग्राहक मात्र शोधत असतात? आणि का शोधतात?

माझं उत्तर: 'लार्माता ब्रांकालेओने', म्हणजे 'ब्रांकालेओनेची फौज'. साल १९६६, दिग्दर्शक मारियो मोनिचेल्ली.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सिनेमाचा अभ्यासक नाही. उभी हयात पुण्यात ऑफसेट छपाईत गेली. चौरंगी छपाई, प्लेटा, शाई, कागद हे माझं जग. जुन्या पोस्टरांचा नाद लागला तो छपाईपायी, आणि सिनेमे पाहिले ते पोस्टरांपायी. लोक उलट्या वाटेने येतात, मी असा आलो.

'कुणी पाहिलेला नाही' हे आपल्यापुरतं खरं आहे. इटलीत हा सिनेमा लहान पोरालाही ठाऊक. तिथे त्याचं नाव भाषेतच मुरलंय. आपण एखाद्याचं 'पानिपत झालं' म्हणतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या डोळ्यापुढे सदाशिवरावभाऊ असतातच असं नाही. तसंच इटालियन माणूस एखाद्या गबाळ्या, बेशिस्त, कसल्याही तयारीविना मोहिमेवर निघालेल्या टोळक्याला 'आर्माता ब्रांकालेओने' म्हणतो. मग ते मंत्रिमंडळ असो की फुटबॉलचा संघ. ब्राझीलमध्येही पोर्तुगीज भाषेत हाच वाक्प्रचार आहे, कारण सिनेमा तिथेही लोकांनी डोक्यावर घेतला होता. इंग्रजी मुलखात मात्र 'फॉर लव्ह अँड गोल्ड' अशा मुळमुळीत नावाने तो गेला आणि विरून गेला. आपल्याकडे परदेशी सिनेमा बराचसा इंग्रजीच्या चाळणीतून येतो. जे त्या चाळणीत अडकलं ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

गोष्ट साधारण इसवी सन हजारच्या आसपासची. एका गावावर धाड पडते. वाचलेले दोघेतिघे भुरटे एका जखमी सरदाराला लुबाडून नदीत ढकलतात. त्याच्याजवळ एक सनद सापडते: दक्षिणेकडच्या पुल्यातल्या आउरोकास्त्रो नावाच्या जहागिरीची. सनद हातात आहे, पण तिच्यावर हक्क सांगायला सरदार कुठून आणायचा? मग अबाकुक नावाचा एक म्हातारा व्यापारी त्यांना वाट दाखवतो आणि ते ब्रांकालेओने नावाच्या फटफजितीवाल्या सरदाराला गाठतात. तो आधी तोऱ्यात नकार देतो, कारण त्याला एक द्वंद्वस्पर्धा जिंकून श्रीमंताची मुलगी पटकवायची असते. स्पर्धेत त्याचा घोडाच त्याला तोंडघशी पाडतो. तेव्हा झक मारत येतो. आणि सनदेचा एक तुकडा फाटलेला असतो, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्या तुकड्यावर काय लिहिलं होतं ते शेवटी कळतं: जहागीर मिळेल, पण समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांपासून ती राखायची जबाबदारीही गळ्यात पडेल.

ब्रांकालेओने झालाय व्हित्तोरियो गास्मान. हा गडी मुळात गंभीर रंगभूमीचा. भरदार आवाज, ताठ मान, शोकांतिकेतल्या राजाची चाल. मोनिचेल्लीनेच त्याला १९५८ साली 'ई सोलिती इन्योती'मध्ये विनोदी भूमिकेत आणलं होतं. इथे तो विनोद करायला जातच नाही. प्रत्येक वाक्य तो राज्याभिषेकाला उभा असल्यासारखं बोलतो आणि पुढच्याच क्षणी चिखलात असतो. त्याचं पूर्ण नाव 'नोर्चाचा ब्रांकालेओने'. नोर्चा हे मध्य इटलीत उंब्रिया प्रांतातलं गाव डुकराच्या मांसाच्या खाटिकांसाठी इतकं प्रसिद्ध की तसल्या दुकानाला इटालियनमध्ये गावाच्याच नावावरून 'नोर्चिनेरिया' म्हणतात. म्हणजे नाव सिंहाचं ('लेओने' म्हणजे सिंह) आणि गाव खाटकांचं. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर एकटाच हसत बसलो होतो.

बाकीची फौज तर विचारूच नका. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या वळणाच्या, घराण्यातला उडाणटप्पू पोरगा तेओफिलात्तो म्हणजे जान मारिया व्होलोन्ते. सेर्जिओ लेओनेच्या वेस्टर्नपटांतला खलनायक म्हणून तो तुम्हाला ओळखीचा वाटेल. म्हातारा अबाकुक एका पेटाऱ्यात झोपतो. तो रंगवलाय कार्लो पिसाकानेने. झेनोने नावाचा एक साधू वाटेत भेटतो, कळकट यात्रेकरूंचा घोळका घेऊन जेरुसलेमला निघालेला (एन्रिको मारिया सालेर्नो). पूल भक्कम आहे हे श्रद्धेच्या जोरावर दाखवायला तो पुलावर उड्या मारतो, आणि खाली जातो. कातरिन स्पाक आणि बार्बरा स्टील या नट्याही आहेत. एक प्रसंग सांगतो म्हणजे या सिनेमाची जात कळेल. फौज एका ओस पडलेल्या गावात शिरते. दारं उघडी, माल तसाच. सगळे लुटायला धावतात. ब्रांकालेओनेला एका घरात एक देखणी विधवा भेटते आणि त्याला जवळ ओढते. तो खुशीत येतो, आणि मग ती सहज सांगते की नवरा नुकताच गेला. कशाने? प्लेगने. गावही त्यानेच ओस पडलंय. हा प्रसंग व्हितेर्बोजवळच्या व्हितोर्क्यानोत चित्रित केलेला आहे, राखाडी दगडाचं गाव, आणि त्या दगडामुळे हसता हसता घशात काहीतरी अडकतं. मृत्यू, भूक आणि फजिती एकाच ताटात वाढायची ही त्या काळच्या इटालियन कॉमेडीची रीतच होती, पण मध्ययुगात नेऊन ती इतकी नागडी करून कुणी वाढली नव्हती. सरदार, राजकन्या, चकचकीत चिलखतं यांच्याऐवजी इथे खरूज, चिंध्या आणि उकडलेली मुळं आहेत.

आता मुख्य मुद्दा. हा सिनेमा इटलीबाहेर का रुजला नाही? कारण त्यातला अर्धा विनोद भाषेत आहे, आणि ती भाषा जगात कुठेच नाही. आजे आणि स्कार्पेल्ली या पटकथाकारांच्या जोडीने मोनिचेल्लीबरोबर बसून ती बनवली. तोडकंमोडकं लॅटिन, मध्ययुगीन बोली, चर्चमधलं पठण, गावंढळ शिव्या, असं सगळं कालवून. कुणीही कधी ती बोललेलं नाही, तरी इटालियन माणसाला ती समजते आणि त्याला वाटतं, आपले खापरपणजोबा असंच बोलत असणार.

मराठीत कल्पना करायची तर लीळाचरित्र, पेशव्यांची बखर, भटजींचा संकल्प आणि एसटी स्टँडवरचं भांडण एकाच माणसाच्या तोंडी घाला: 'म्यां तुज वदलों नव्हतों काय, कीं ये अश्वावरी भरंवसा न धरावा? आतां उठ रे भाडखाऊ, शत्रु समीप पातला!' हे मी आत्ता रचलंय, सिनेमातलं नाही. पण हे इंग्रजी उपशीर्षकात उतरवून पाहा. उरेल काय? 'घोड्यावर विश्वास ठेवू नकोस म्हटलं होतं, ऊठ.' बस. माझ्या मते यातच त्याचं इंग्रजीतलं अपयश आलं. लोकांना पडद्यावर एक आरडाओरडा करणारा माणूस दिसला आणि खाली सपाट वाक्यं.

१९६६ साली तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. गंमत म्हणजे त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक विभागून गेलं, आणि त्यातलं अर्धं एका इटालियन कॉमेडीलाच मिळालं, पण ती पिएत्रो जेर्मीची 'सिन्योरे ए सिन्योरी'. घरी मात्र इटालियन चित्रपत्रकारांचे 'नास्त्रो दार्जेंतो' पुरस्कार छायाचित्रण, वेशभूषा आणि संगीत या तिन्हींसाठी मिळाले.

ते तिन्ही पुरस्कार पुन्हा वाचा. संवादाला नाही, अभिनयाला नाही. डोळ्याला आणि कानाला. संग्राहकाचं काम तिथूनच सुरू होतं.

वेशभूषा पिएरो गेरार्दीची. दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हीता' आणि 'साडेआठ' या दोन्हींसाठी ज्याला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं तो हा. इथे त्याने चिंध्यांना शिल्पासारखं वागवलंय. बायझंटाइन दरबारात माणसं चालत्या खेळण्यांसारखी दिसतात. छायाचित्रण कार्लो दी पाल्माचं. त्याच सुमाराला तो दिग्दर्शक आंतोनियोनीसाठी 'ब्लो-अप' करत होता. संगीत कार्लो रुस्तिकेल्लीचं. 'ब्रांका, ब्रांका, ब्रांका! लेऑन, लेऑन, लेऑन!' अशी नावाची दोन शकलं करून केलेली ती रणगर्जना मी स्वयंपाकघरात चहा करताना म्हणतो आणि घरच्यांच्या शिव्या खातो.

आणि श्रेयनामावली. ती चुकवू नका. एमानुएले लुत्साती हा जेनोव्हाचा चित्रकार, नाटकांचे पडदे-नेपथ्य करणारा, आणि त्याचा जोडीदार जुलिओ जानिनी. दोघांनी कागदाची कातरलेली चित्रं हलवून ही नामावली केली. तेल्या खडूने रेघोट्या मारल्यासारखे सरदार, घोडे, किल्ले. याच जोडीच्या 'ला गाझ्झा लाद्रा' या छोट्या चलच्चित्राला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. लुत्सातीच्या चित्रांचे वेगळे चाहते आहेत, चित्रपुस्तकांचे, नेपथ्याच्या रेखाटनांचे. ते लोक सिनेमाकडे त्या बाजूने येतात. म्हणून या एका सिनेमाच्या वस्तूंवर तीनचार वेगवेगळ्या जातींचे संग्राहक टपून असतात: गास्मानवाले, इटालियन कॉमेडीवाले, वेशभूषावाले, लुत्सातीवाले. तरी लेओनेच्या वेस्टर्नपटांची किंवा फेलिनीची पोस्टरं ज्या भावाला जातात, त्याच्या आसपासही हा जात नाही. माझ्यासारख्या माणसाला तो परवडतो, हे खरं कारण. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

कागदाबद्दल थोडं, कारण तिथे मला दोन अक्षरं कळतात.

इटालियन पोस्टरांची मापं ठरलेली आहेत. सर्वात लहान 'लोकांदिना', साधारण ३३ बाय ७० सेंटिमीटर, उभी पट्टी, दुकानाच्या काचेत लावायची. मग 'दुए फोल्यी' म्हणजे दोन तावांचं, १०० बाय १४०. मग 'क्वात्रो फोल्यी', चार तावांचं, १४० बाय २००. आणि 'फोतोबुस्ता': चित्रगृहाच्या दर्शनी भागात लावायचे आडवे छापील फोटो, त्यांवर सिनेमाचं नाव वगैरे, संचाने निघायचे. आपल्याकडे थिएटरबाहेर काचेच्या कपाटात फोटो लावायचे ना, तसंच, फक्त मोठं. पोस्टरं घड्या घालूनच गावोगावी जायची. त्यामुळे घडीच्या खुणा असणं हा दोष नाही. साठच्या दशकातलं मोठं पोस्टर एकही घडी नसलेलं कुणी दाखवलं तर मी आधी हात आखडता घेतो. इटलीत पोस्टर लावण्यावर कर असे. त्या कराची तिकिटं नि शिक्के कागदावर असतील, त्यावर गावाचं नाव किंवा तारीख वाचता आली, तर नवखे लोक 'खराब झालंय' म्हणून नाक मुरडतात. माझ्या लेखी तो त्या कागदाचा जन्मदाखला आहे.

सगळ्यात मोठा फसवा प्रकार नकलेचा नाही, पुनर्प्रदर्शनाचा. चाललेला सिनेमा पुन्हा लागायचा आणि त्यासाठी नवी पोस्टरं निघायची. तीही जुनीच, तीही खरीच, पण पहिल्या प्रदर्शनाची नव्हेत. विकणारा नुसतं 'ओरिजिनल' म्हणतो. खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही. पोस्टराच्या खालच्या कडेची बारीक अक्षरं, छापखान्याचं नाव, वितरकाचं नाव यांचा स्पष्ट फोटो मागवायचा. नाही पाठवला तर विषय संपला.

नक्कल ओळखायला भिंग पुरतं. त्या काळच्या ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके आपापल्या कोनात बसलेले दिसतात, गुलाबाच्या फुलासारखी नक्षी दिसते. छापील वस्तू स्कॅन करून पुन्हा छापली की ठिपक्यांवर ठिपके चढतात, नक्षी गढूळ होते, जाळी पडल्यासारखी दिसते. आणि बारीक काळी अक्षरं, जी मुळात एका काळ्या शाईत असतात, ती नकलेत चार रंगांची होऊन कडेला झालर धरतात. मी स्वतः एकदा फसलो आहे. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून फोतोबुस्ता मागवली, ब्रांकालेओने पिंजऱ्यात लटकतोय ती. पाकीट उघडलं, भिंग लावलं, आणि ठिपकेच नव्हते. शाईचा फवारा. घरच्या प्रिंटरचं काम. चाळीस वर्षं छपाईत काढून मी फोटोवर भाळलो, भिंगातून काढलेला एक फोटो मागवायची अक्कल सुचली नाही. पैसे परत मिळाले नाहीत. ती मी फ्रेम करून कपाटाच्या आत लावली आहे, स्वतःसाठी.

आता पाहायचा कसा. हे पोस्टराआधी यायला हवं होतं, पण असो. इटलीची डीव्हीडी विभाग २ ची, आपले प्लेअर विभाग ५ चे. ब्लू-रेमध्ये तिकडे 'बी', इकडे 'सी'. विभागमुक्त प्लेअर नसेल तर डिस्क नुसती शोभेची. शिवाय युरोपातली डीव्हीडी पाल पद्धतीची, सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी. त्यामुळे दोन तासांचा सिनेमा सुमारे ११५ मिनिटांत संपतो. पाच मिनिटं कापली म्हणून भांडायला जाऊ नका, कापलेली नाहीत, पळवली आहेत. आवाज किंचित चढा होतो, पण गास्मानच्या आवाजाला तेवढं सोसतं.

माझ्याकडची डिस्क मिलानला नोकरीला असलेल्या मित्राने आणली. तिच्यावर इंग्रजी उपशीर्षकं नव्हती, फक्त कर्णबधिरांसाठीची इटालियन होती. पहिल्यांदा मी तो काहीही न कळता पाहिला आणि पोट धरून हसलो. चाल, कपडे, आवाजाचे चढउतार, घोड्याचा हट्टीपणा. दुसऱ्यांदा शब्दकोश घेऊन बसलो, थांबवत थांबवत. निम्मे शब्द शब्दकोशात नव्हते, तेव्हा कळलं की ते असणारच नाहीत. तुम्हाला उपशीर्षकांसह मिळाला तरी माझं ऐका, पहिली वीस मिनिटं ती बंद ठेवून पाहा.

दुसरा भागही आहे, 'ब्रांकालेओने आल्ले क्रोचाते', १९७० चा, पुन्हा मोनिचेल्ली आणि गास्मान. त्यात फौज खरोखरच धर्मयुद्धाला निघते, खुद्द मृत्यू पात्र म्हणून समोर येतो, आणि एका टप्प्यावर संवाद चक्क यमकात होतात. पहिल्याइतका घट्ट नाही, मध्येच रेंगाळतो. माझ्या मते पहिला दोनदा पाहिल्याशिवाय याला हात लावू नये.

शेवट पूर्ण सांगत नाही. एवढंच की आउरोकास्त्रो म्हणून जो किल्ला दिसतो तो पुल्यात नाही, कालाब्रियात आहे: ले कास्तेल्ला, आयोनियन समुद्रात थेट पाण्यात उभा. मुरुड-जंजिरा पाहिलेल्या माणसाला त्याची पहिली झलक दिसताच घरी आल्यासारखं वाटतं, जरी तो आकाराने त्याच्या पासंगालाही पुरणार नाही आणि एका चिंचोळ्या पट्टीने किनाऱ्याला जोडलेला आहे. मिलानचा तो मित्र एकदा तिकडे सुट्टीला गेला होता. मला फोन करून म्हणाला, 'तुझ्या किल्ल्यासमोर उभा आहे, काय आणू?' मी म्हटलं, कुठे जुना छापखाना दिसला तर विचार.

आणि तुम्ही सुरुवात करणार असाल तर चार तावांच्या पोस्टराच्या मागे लागू नका. ते १४० बाय २०० चं प्रकरण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एका भिंतीवर मावतं आणि त्या भिंतीला मग दार, खिडकी, देवघर काही असून चालत नाही. एक बरी फोतोबुस्ता घ्या, बायझंटाइन दरबाराची मिळाली तर उत्तम, कारण गेरार्दीचं काम तिच्यात सगळ्यात जास्त दिसतं. पैसे पाठवण्याआधी भिंगातला फोटो मागवा. शंका आली तर इथेच उत्तराखाली टाका, मी ठिपके बघून सांगेन.